पुष्पाताईंनी नाकारलेली बरोबरी

पुष्पाताई, परवाच्या शोकसभेत तुमच्याबद्दल चार जण बोलले. बाई बरोबरी कधी घ्यायच्या नाहीत, जिंकायच्या नाहीतर हरायच्या, असं चौघांनीही सांगितलं. लोक हळूच हसले. पहिल्या रांगेतले तुमचे यजमान साळवेही हसले. मग अध्यक्ष बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बुद्धिबळ क्लबचा चिटणीस, संघाचा कॅप्टन, इतकी वर्षं तुमच्या शेजारच्या पटावर बसलेला माणूस. मी बोलणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. मी उभा राहिलो, "मला आज जमणार नाही" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखामुळे. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते आधी दुसरीकडे बोलायला हवं होतं, आणि ते सोडून काही बोललो असतो तर खोटं झालं असतं.

म्हणून हे लिहितोय. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. शेवटचं तेवढं नाही.

तुम्ही क्लबात पहिल्यांदा आलात ती त्र्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी. नाशिक रोडच्या वाचनालयाचा वरचा हॉल, सहा टेबलं, खिडकीखाली रिक्षांचा थांबा. आम्ही दहा-बारा जण, सगळे पुरुष. निम्मे नोटांच्या प्रेसमधले, बाकीचे रेल्वेतले, पोस्टातले, माझ्यासारखे पाटबंधारे खात्यातले. तुम्ही दारात उभ्या, खांद्याला कापडी पिशवी. कोणीतरी म्हणालं, "बाई, वाचनालय खाली आहे."

"ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात. "मी बुद्धिबळ खेळायला आलेय."

माझ्यासमोरची खुर्ची रिकामी होती. तुमच्याकडे पांढरी मोहरी आली. पहिल्या चालीला तुम्ही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलंत, मीही तेच केलं. दुसऱ्या चालीला तुम्ही त्याच्या शेजारचं, उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलंत. माझं प्यादं ते सरळ मारू शकत होतं. मला वाटलं, बाईंना नीट येत नाही.

"अहो, हे फुकट जातंय," मी म्हणालो.

"घ्या की."

घेतलं. पाचव्या चालीला तुम्ही घोडाही तसाच सोडलात आणि त्याच चालीला राजा हत्तीच्या आडोशाला नेलात. आता मात्र मला तुमची दया आली. घोडा मारून मी इकडेतिकडे पाहिलं, चहा आला का म्हणून. बाविसाव्या चालीला माझ्यावर मात झाली तेव्हा तो चहा तसाच गार झाला होता आणि आमच्या टेबलाभोवती सगळा क्लब उभा होता.

किंग्ज गॅम्बिट. नाव आम्हाला ठाऊक होतं, पण खेळत कोणी नव्हतं. दुसऱ्याच चालीला प्यादं द्यायचं, स्वतःच्या राजापुढची जागा मोकळी करायची आणि समोरचा सावरायच्या आत त्याच्यावर तुटून पडायचं. सगळी पुस्तकं सांगतात, धाडसी आहे पण बरोबर नाही. समोरचा शांत राहिला तर पांढरा हरतो. तुम्हाला हा डाव तुमच्या थोरल्या भावाने शिकवला होता, जेल रोडच्या तुमच्या वसाहतीतल्या बुद्धविहाराच्या ओसरीवर बसून. त्याच्याकडे एकच जुनं पुस्तक होतं, त्याचीही निम्मी पानं गेलेली. धड उरलेलं प्रकरण हे एवढंच. म्हणून तुम्हाला दुसरी सुरुवात येतच नव्हती. हे तुम्ही मला दोन वर्षांनी सांगितलंत. तोपर्यंत मी समजत होतो, बाईंनी फार विचार करून हा डाव निवडला आहे.

आमची आंतरक्लब स्पर्धा म्हणजे जिल्ह्यातले सहा क्लब. प्रत्येक सामन्यात चार पट, हिवाळ्यातले रविवार, कधी आमच्याकडे, कधी त्यांच्याकडे. तुम्हाला चौथ्या पटावर घेतलं. पहिल्या मोसमात पाच डाव, तीन जिंकलात, दोन हरलात. तिसऱ्या पटावर मी. माझ्या पाचातल्या चार बरोबऱ्या. मी तसाच माणूस. कचेरीत धरणांच्या पाण्याच्या पातळ्यांचे तक्ते भरायचो, एक आकडा तीनदा तपासायचो. पटावरही तेच. तुमच्या डावाकडे नजर गेली की मी स्वतःच्या डावात आणखी सावध व्हायचो.

परतीच्या एसटीत आपला वाद ठरलेला.

"ताई, तुमचा डाव चुकीचा आहे. सिद्ध झालंय."

"कुठे?"

"पुस्तकात."

"समोर पुस्तक बसत नाही, शरदराव. माणूस बसतो. त्याला घाम येतो."

महापालिकेच्या शाळेत गणित शिकवणारी बाई असं बोलते याचं मला नवल वाटायचं. गणितात घामाला काय किंमत, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "वर्गात येऊन बसा एकदा, मग कळेल." मी आलो नाही, पण माझी मुलगी मेधा आली. आठवीत भूमितीला घाबरून रडायची. तुम्ही म्हणालात, पाठवा घरी. मंगळवार आणि शुक्रवार, शाळा सुटल्यावर. पहिले पंधरा दिवस तुम्ही तिला एकही प्रमेय शिकवलं नाही. नुसत्या कागदाच्या घड्या घालायला लावल्यात. ती हसत घरी यायला लागली.

आता मालेगाव.

अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर, मोसमातला शेवटचा सामना. मालेगावचा संघ आमच्यापुढे एका गुणाने. आम्ही जिंकलो तर करंडक आमचा, सामना बरोबरीत सुटला तरी त्यांचा. सामना एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मालेगावात लूम बंद असतात शुक्रवारी, रविवारी नाही, त्यामुळे दिवसभर मागच्या गल्लीतून मागांची खटखट येत होती. तुमच्यासमोर अन्सारी सर, उर्दू शाळेत विज्ञान शिकवणारे, शांत गृहस्थ. तुम्ही दुसऱ्या चालीला प्यादं दिलंत, पाचव्या चालीला घोडा, थोड्या वेळाने उंटही. अन्सारी सरांनी खिशातून रुमाल काढला तो परत ठेवलाच नाही.

तीन वाजता पहिल्या दोन पटांचे निकाल लागले होते. एक आमचा, एक त्यांचा. उरले दोन डाव, तुमचा आणि माझा. माझं एक प्यादं जास्त होतं. तेवढ्यात अन्सारी सरांनी तुम्हाला विचारलं, "मॅडम, ड्रॉ?" तुम्ही उठून माझ्याकडे आलात. नियम असा की कॅप्टनने फक्त घ्या किंवा नको एवढंच सांगायचं, डावाबद्दल बोलायचं नाही. मी हिशोब केला: तुमचा अर्धा, माझा एक, झालं काम.

"घ्या," मी म्हणालो.

तुम्ही लगेच गेला नाहीत. माझ्या पटाकडे पाहत उभ्या राहिलात. अर्धा मिनिट तरी. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंत.

"नाही घेत," म्हणालात आणि जाऊन बसलात.

वीस मिनिटं विचार करून तुम्ही वजिराने शह दिलात. अन्सारी सरांचा राजा एक घर सरकला, मग आणखी एक, आणि पलीकडच्या बाजूला जाऊन सुरक्षित बसला. तुमच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. साडेतीनला तुम्ही राजा आडवा करून हार मानलीत. आता निदान सामना बरोबरीत सोडवायचा तरी मला जिंकणं भाग होतं. मी ते जास्तीचं प्यादं धरून बसलो, पुढे ढकललं नाही, त्याच त्या चाली तीनदा झाल्या आणि डाव बरोबरीत सुटला. दीड-अडीच. करंडक मालेगावात राहिला. निघताना अन्सारी सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडमने तो आज डरा दिया था मुझे." मला ते ऐकवलं नाही.

चांदवडच्या स्टँडवर गाडी थांबली. चहा घेताना बापूसाहेबांनी तोंड उघडलं.

"बाई, कॅप्टननं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मला डाव दिसत होता."

"दिसत होता तर हरलात कशा? आणि सगळ्या संघाला घेऊन बुडायचा हा कसला हट्ट? घरच्या अंगणात खेळता का तुम्ही?"

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. "मी चुकले. डाव चुकला नव्हता."

मी शेजारी उभा होतो. मी काहीही बोललो नाही. नाशिक येईपर्यंत तुम्ही पुढच्या सीटवर एकट्या बसलात.

त्या गुरुवारी कचेरीतून आल्यावर मी तो डाव घरी मांडला. तुमच्या चालींचा कागद माझ्याकडेच होता, चिटणीस म्हणून. तुमचं चुकलंच हे मला पक्कं करायचं होतं, दुसरा काही हेतू नव्हता. अर्ध्या तासात सापडलं. शह द्यायचाच नव्हता. पहिल्यापासून कोपऱ्यात बसून राहिलेला हत्ती नुसता मधल्या पट्टीत आणायचा. शह नाही, मारामारी नाही, एक शांत चाल. त्यावर अन्सारी सरांना काहीही करता आलं नसतं. चार चालींत मात. शुक्रवारी पुन्हा मांडून पाहिला. उत्तर तेच आलं.

रविवारी समितीची बैठक झाली. बापूसाहेब तापलेले होते. पण ते न्यायी माणूस. त्यांनी मला सरळ विचारलं, "शरदराव, खरंच होता का डाव तिथे? असेल तर मी बोलत नाही."

मी म्हणालो, "मी काही तपासलेला नाही."

मग इतिवृत्ताच्या वहीत मी माझ्या अक्षरात लिहिलं: 'कॅप्टनची सूचना डावलल्याबद्दल श्रीमती पुष्पा साळवे यांना शिस्तभंगाच्या कारणास्तव पुढील मोसमासाठी संघातून वगळण्यात येत आहे.' खाली सही केली. का केलं, हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला विचारलं. तुमच्यावर राग नव्हता. पण तो डाव होता असं मी म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न माझ्या 'घ्या'वर आला असता आणि त्याच्या पुढचा माझ्या जास्तीच्या प्याद्यावर.

पुढच्या रविवारी तुम्ही वही मागितलीत. उभ्यानेच वाचलीत. "शिस्तभंग," एवढं मोठ्याने म्हणालात. "मी वर्गात पोरांनासुद्धा हा शब्द लावत नाही." क्लबची दोन पुस्तकं तुमच्याकडे होती, ती टेबलावर ठेवलीत आणि जिना उतरून गेलात.

एक मोसमाची बंदी होती, पण तुम्ही अडीच वर्षं आला नाहीत. चौथ्या पटावर आम्ही एक सावध मुलगा बसवला. दोन्ही मोसमांत आमचा संघ तिसरा आला. सामने कंटाळवाणे झाले होते, पण ते कोणी बोलायचं नाही.

मेधा मात्र तुमच्याकडे येत राहिली. तुम्ही तिला एकदाही नको म्हणाला नाहीत. बाबांबद्दल एक शब्द काढला नाहीत. मी तिला एकदा खोदून विचारलं, "बाई क्लबबद्दल काही बोलतात का?" ती म्हणाली, "नाही. परवा वर्तुळाची स्पर्शिका झाली." दर मंगळवारी, दर शुक्रवारी ती वही घेऊन निघाली की मला घरात बसवायचं नाही. मी काहीतरी काम काढून बाहेर जायचो.

दहावीचा निकाल लागला. भूमितीत तिला तुमच्या शाळेतल्या कोणापेक्षाही जास्त पडले असतील. आम्ही दोघं पेढे घेऊन आलो. साळवे ड्यूटीवर होते. मेधा आणि तुमची अश्विनी आत गेल्या. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तुम्ही पेढा हातात घेतलात आणि मी म्हणालो, "ताई, तो डाव होता."

"कुठला?"

"मालेगावचा. शह द्यायचा नव्हता. कोपऱ्यातला हत्ती..."

"मधे आणायचा," तुम्ही म्हणालात. "मला सापडायला महिना लागला. तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. गुरुवारी."

"आणि बैठक?"

"रविवारी."

"म्हणजे तीन दिवस आधी."

तुम्ही पेढा बशीत परत ठेवलात. मला वाटलं, आता उठायला सांगणार. तुम्ही मात्र खिडकीबाहेर पाहत होतात. तिकडे पाहतच म्हणालात, "माझ्या जागी तुमच्यातला एखादा असता तर तुम्ही 'धाडस' लिहिलं असतंत."

"कदाचित."

"कदाचित नाही."

मग तुम्ही विचारलंत, "मी बरोबरी का घेतली नाही, हे अडीच वर्षांत एकदा तरी विचारलंत का?"

"डाव दिसत होता म्हणून."

"ते अर्धं झालं. मी तुमचा पट पाहिला होता. तुमचं प्यादं जास्त होतं, पण तुम्ही ते पुढे ढकलणार नव्हता. तुमच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. एक-एक झालं होतं, जिंकायला आणखी दीड गुण हवा होता. तुमच्याकडून अर्धा येणार हे मला दिसत होतं. मग पुरा एक कोणी आणायचा?"

ताई, पाण्याच्या पातळ्या तीनदा तपासणाऱ्या माणसाने हा हिशोब केलाच नव्हता. तुमचा अर्धा आणि माझा अर्धा, म्हणजे एक. तुम्ही बरोबरी घेतली असती तरी करंडक मालेगावातच राहिला असता. तो माझ्या पटावर गेला होता, तुमच्या नाही. आणि हे तुम्हाला तिथे, अर्ध्या मिनिटात दिसलं होतं.

मी माफी मागितली. तुम्ही 'असू दे' म्हणाला नाहीत. त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. म्हणाला असतात तर मी ते घेऊन घरी गेलो असतो आणि विसरलो असतो. तुम्ही म्हणालात, "अडीच वर्षं गेली माझी. ती काही परत येत नाहीत." मग म्हणालात, "मी येईन खेळायला. पण दोन गोष्टी. एक, कुठल्यातरी सामन्यात तुम्ही माझा डाव खेळायचा. पांढरी मोहरी, दुसऱ्या चालीला ते प्यादं. तिथे बसल्यावर कसं वाटतं ते बघा. दुसरी, वहीतलं ते वाक्य. ते दुरुस्त करा."

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नका. करा."

त्यानंतर तुम्ही तो पेढा खाल्लात.

पहिली गोष्ट लासलगावला झाली. बाजार समितीपासून जवळच्या शाळेत सामना. रविवार, लिलाव बंद, तरी सगळीकडे कांद्याचा वास. माझ्यासमोर निफाडकडचा एक तरुण शेतकरी, हाताला द्राक्षाच्या फवारणीचा निळा डाग. मी दुसऱ्या चालीला प्यादं पुढे टाकलं तर तो हसला. "काका, हे लय महागात पडंल हां." त्याने मारलं. चौथ्या चालीला त्याचं प्यादं माझ्या घोड्यावर आलं. इथे तुम्ही घोडा सोडून राजा आडोशाला नेता. मला ती चाल पाठ होती. आदल्या आठवड्यात दहा वेळा घरी खेळलो होतो. हात राजाकडे गेला, थांबला, आणि मी घोडा उचलून होता त्या पहिल्या घरात परत नेऊन ठेवला. लगेच त्याच्या वजिराचा शह आला, माझा राजा हलला, आडोसा गेला. अठराव्या चालीला सगळं संपलं.

तुम्ही मात्र तुमचा डाव जिंकलात, सामनाही आपण जिंकलो. परतीच्या गाडीत तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. "अहो, घोडा घरी न्यायचा होता तर प्यादं दिलंत कशाला?"

"हात पुढे जाईना," मी म्हणालो. "तुम्हाला कसं काय जमतं, ताई? भीतीच वाटत नाही का?"

तुमचं हसणं थांबलं. "दर वेळी वाटते. आजही वाटली. घोडा सोडताना मांडीवर हात दाबून धरते मी, थरथरतो म्हणून."

इतकी वर्षं मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होतो. तो हात मी पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट मी केली नाही. सुरुवातीला म्हणालो, नवी समिती येऊ दे. मग म्हणालो, जुनी वही कपाटात खाली गेली आहे. मग म्हणालो, तुम्ही परत आलातच, खेळताय, जिंकताय, आता कोण वाचतंय ते. खरं कारण एवढंच होतं की वही उघडली असती तर बापूसाहेबांसमोर सांगावं लागलं असतं की त्या रविवारी मी खोटं बोललो. तुम्ही पहिल्या वर्षी दोनदा विचारलंत. "झालं का?" "या महिन्यात करतो." नंतर विचारणं सोडून दिलंत. मला वाटलं, विसरलात. गणिताची बाई असं काही विसरत नाही हे मला कळायला हवं होतं.

मग तुमच्या किडन्यांचं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बाहेरगावचे सामने बंद झाले, पण आपल्या हॉलमधले तुम्ही सोडले नाहीत. साळवे तुम्हाला जिन्यावरून एकेक पायरी चढवून आणायचे आणि खाली वाचनालयात पेपर वाचत बसायचे. शेवटच्या मोसमात तुम्ही दोन डाव खेळलात. एक जिंकलात, एक हरलात.

शेवटची भेट घरीच झाली. तुम्ही पलंगावर उशीला टेकून, मांडीवर छोटा चुंबकाचा पट. मी बसतोय तोच म्हणालात, "शरदराव, काळ्याने पाचव्या चालीला घोडा मारलाच नाही तर? नुसतं मधलं प्यादं पुढे टाकलं तर?"

आपण मांडून पाहिलं. मी अर्धा तास पांढऱ्याकडून खेळलो आणि काही निघेना.

"म्हणजे पुस्तक बरोबर होतं की काय," मी म्हणालो.

"असेलही," तुम्ही म्हणालात. "पण माझ्याविरुद्ध तरी कोणी ही चाल खेळलं नाही."

"नशीब तुमचं."

"नशीब कसलं? घोडा दिसला की मारतात लोक. तुम्ही नाही का मारलात?" मग पट माझ्याकडे सरकवून म्हणालात, "घरी बघा नीट. उंटाला घेऊन काहीतरी असणार."

त्याच वेळी मी वहीचं बोलणार होतो. ठरवूनच आलो होतो. या रविवारी नक्की करतो, असं सांगणार होतो. अश्विनी औषधं घेऊन आत आली, तुम्हाला झोपायला सांगितलं, आणि मी उठलो. दारात वळून पाहिलं तर तुम्ही डोळे मिटून घेतले होते. नऊ दिवसांनी साळव्यांचा फोन आला. तुम्ही दिलेलं काम मी करतोय. उंटाला घेऊन काही सापडलेलं नाही. शोधतोय.

काल समितीची बैठक होती. विषय संपल्यावर मी अठ्ठ्याण्णव सालची वही मागितली. ती कपाटात खाली वगैरे नव्हती, समोरच्या फळीवर होती. पान उघडून मी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि मग सगळं सांगितलं. गुरुवारचं, शुक्रवारचं, रविवारचं. नव्या खजिनदाराला काही कळेना. तो म्हणाला, "काका, इतकी वर्षं झाली, आता त्या नाहीत पण. आणि लिहायचंच तर समितीचा निर्णय चुकला असं लिहा, एकट्यावर कशाला घेता?"

"समितीला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

बापूसाहेब आता ब्याऐंशीचे आहेत. त्यांनी वही पुढे ओढून ते पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, शरदराव."

"हो. विचारलं होतं."

"चांदवडच्या स्टँडवर मी त्या बाईंना काय काय बोललो." त्यांनी चष्मा काढला. "आणि कालच्या सभेत मीच म्हणालो, खिलाडू वृत्तीच्या होत्या म्हणून."

जुनं इतिवृत्त खोडता येत नाही, असा नियम आहे. खाली नोंद करता येते. मी लिहिलं: 'वरील निर्णय चुकीचा होता. श्रीमती साळवे यांनी बरोबरी नाकारली तेव्हा त्यांचा डाव जिंकणारा होता. हे मला बैठकीपूर्वी माहीत होते व विचारले असता मी ते लपवले. शिस्तभंग झालेला नाही.' सही केली, कालची तारीख घातली. बापूसाहेबांनी पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली आपली केली. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, पण नाव वाचता येतं.

उद्या संध्याकाळी वही घेऊन तुमच्या घरी जाणार आहे. साळवे काही विचारणार नाहीत. अश्विनी विचारेल. चार ओळी लिहायला सात वर्षं का लागली, आणि आई असताना का नाही लिहिल्या. खोटा पडायला भ्यायलो, एवढंच सांगता येईल, ताई. तरी जाणार आहे.